निषिद्ध नगरी : लाकडाचा राजवाडा सहाशे वर्षे कसा टिकला?

आरंभी एक सोपे गणित करा. एका राजवाड्यात सुमारे ८,७०० खोल्या आहेत. तेथे जन्मलेल्या बाळाला रोज रात्री नव्या खोलीत झोपवायचे आणि एकदा वापरलेल्या खोलीत पुन्हा न्यायचे नाही, असे ठरवले. सगळ्या खोल्या संपतील तेव्हा त्या बाळाचे वय काय असेल? ८,७०० ला ३६५ ने भागा. उत्तर जवळजवळ २४ वर्षे येईल! म्हणजे शेवटच्या खोलीत झोपायला जाताना त्या बाळाला मिसरूड फुटून बरीच वर्षे झालेली असतील.

हा राजवाडा कल्पनेतला नाही. चीनची राजधानी बीजिंग, जिला आपली जुनी पुस्तके पेकिंग म्हणतात, तिच्या मध्यभागी तो आजही उभा आहे. मिंग घराण्याचा तिसरा सम्राट योंगल याने इ. स. १४०६ मध्ये त्याच्या बांधकामाची आज्ञा दिली आणि १४२० साली तो पुरा झाला. पुढे मिंग व चिंग या दोन घराण्यांतल्या २४ सम्राटांनी तेथून राज्य केले. सामान्य माणसाला आत पाऊल टाकायची मनाई होती, म्हणून तिचे नाव ‘निषिद्ध नगरी’. चिनी नावात ‘जांभळी’ असाही एक शब्द आहे. पण तो भिंतींच्या रंगावरून आलेला नाही, भिंती तर तांबड्या आहेत! ध्रुवाभोवतीच्या तारकासमूहाला चिनी ज्योतिर्विद ‘जांभळे आवार’ म्हणत. आकाशातले सारे तारे ध्रुवाभोवती फिरतात, तसे सारे राज्य सम्राटाभोवती फिरते, असा त्या नावाचा अर्थ.

आता खरा प्रश्न असा की, हा राजवाडा मुख्यतः लाकडाचा आहे. लाकूड जळते, कुजते, त्याला कीड लागते. बीजिंगचा प्रदेश भूकंपाचा, उन्हाळ्यात मुसळधार पावसाचा आणि हिवाळ्यात पाणी गोठवणाऱ्या थंडीचा. मग हा राजवाडा सहाशे वर्षे टिकला कसा? उत्तर शोधण्यासाठी आपण त्याच्या आत एक फेरफटका मारू.

दक्षिणेच्या दरवाजातून आत

राजवाड्याचा नकाशा म्हणजे एक मोठा आयत. दक्षिणोत्तर लांबी ९६१ मीटर, पूर्वपश्चिम रुंदी ७५३ मीटर. गुणाकार केलात तर क्षेत्रफळ ७२ हेक्टरांच्या वर भरते. भोवती ५२ मीटर रुंद व ६ मीटर खोल खंदक आहे. त्याच्या आत तट आहे. तो पायथ्याशी साडेआठ मीटरांहून जाड असून वर निमुळता होत माथ्यावर सुमारे साडेसहा मीटर उरतो. पाया रुंद आणि माथा अरुंद असला की वस्तूचा गुरुत्वमध्य खाली राहतो व ती सहजी कलंडत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच.

एवढ्या मोठ्या खंदकाची माती गेली कुठे? तटाचा घेर सुमारे ३,४०० मीटर धरला तरी ३,४०० × ५२ × ६ म्हणजे दहा लाख घनमीटरांहून अधिक माती निघाली असणार. राजवाड्याच्या उत्तरेला ‘चिंगशान’ नावाची एक टेकडी आहे. ती निसर्गाने केलेली नाही. या खोदकामाच्या मातीतूनच ती रचलेली आहे. उत्तरेकडून येणारे थंड वारे आणि अशुभ शक्ती यांच्या वाटेत डोंगर असावा, अशी चिनी वास्तुशास्त्राची समजूत होती.

मुख्य प्रवेशद्वार दक्षिणेला. त्याला ‘मध्याह्न द्वार’ म्हणतात. त्याचा मधला मार्ग फक्त सम्राटासाठी. सम्राज्ञीला तो लग्नाच्या दिवशी एकदाच मिळे. पण आणखी तीन माणसांना त्या मार्गाने बाहेर पडण्याचा मान होता. राज्यातल्या सर्वोच्च परीक्षेत पहिले, दुसरे व तिसरे आलेले विद्यार्थी! एकदाच का होईना, ते सम्राटाच्या वाटेने चालत.

आत शिरल्यावर धनुष्यासारखा वळलेला एक ओढा आणि त्यावरचे पाच संगमरवरी पूल लागतात. त्यापुढे एक भव्य दरवाजा, मग प्रचंड फरसबंद चौक आणि चौकाच्या टोकाला तीन थरांच्या पांढऱ्या संगमरवरी जोत्यावर एकामागे एक तीन मोठी दालने. पहिले ‘परम सुसंवादाचे दालन’, येथे सिंहासन असून राज्यारोहणासारखे मोठे समारंभ होत. दुसरे चौरस आकाराचे, सम्राटाच्या विसाव्याचे. तिसऱ्यात चिंग काळात ती सर्वोच्च परीक्षा घेतली जाई. इथवरचा भाग राज्यकारभाराचा, त्याला ‘बाहेरचा दरबार’ म्हणत. त्यापुढचा उत्तरेकडचा भाग राजकुटुंबाच्या राहण्याचा, तो ‘आतला दरबार’. मध्यरेषेवर तीन मुख्य महाल, दोन्ही अंगांना राण्यांचे सहा सहा वाडे आणि शेवटी बाग. बागेमागे उत्तरेचा दरवाजा.

ही मध्यरेषा राजवाड्यापाशी संपत नाही. दक्षिणेच्या जुन्या नगरद्वारापासून उत्तरेच्या नगारखान्यापर्यंत ७.८ किलोमीटर लांबीच्या एकाच रेषेवर जुने बीजिंग शहर बेतलेले आहे. राजवाड्याला १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. ही सारी मध्यरेषा २०२४ मध्ये त्या यादीत घेतली गेली. तो निर्णय झाला आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत.

दोनशे टनांची शिळा कशी आणली?

तिसऱ्या दालनाच्या मागे, उतरत्या पायऱ्यांच्या मधोमध एक अखंड शिळा बसवलेली आहे. तिच्यावर ढग व ड्रॅगन यांची नक्षी कोरलेली आहे. लांबी सुमारे १६.५ मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १.७ मीटर. घनफळ काढा. सुमारे ८४ घनमीटर येते. अशा दगडाचा एक घनमीटर साधारण २.७ टन भरतो. म्हणजे शिळेचे वजन दोनशे टनांहून कितीतरी अधिक! शिवाय खाणीतून निघाली तेव्हा कोरीव काम व्हायचे होते, म्हणजे ती याहूनही जड असणार. खाण राजवाड्यापासून सुमारे ७० किलोमीटर दूर. वाफेचे यंत्र नाही, मोटार नाही. मग ती आणली कशी?

जुन्या नोंदींत याचे उत्तर आहे. १५५७ साली साडेनऊ मीटर लांबीचा, १२३ टन वजनाचा एक दगड माणसांनी घसरगाडीवरून ओढून २८ दिवसांत राजवाड्यापर्यंत आणला. ही घसरगाडी ओढली ती बर्फावरून! ऐन हिवाळ्यात वाटेवर दर अर्ध्या किलोमीटरला एकेक विहीर खणली, पाणी काढून रस्त्यावर ओतले आणि ते गोठून रस्ता बर्फाचा झाला.

चीनमध्ये चाके नव्हती असे नव्हे. चाक तेथे फार पूर्वीपासून होते. मग घसरगाडी कशाला? कारण चाकाच्या गाडीत सारे वजन आसावर आणि जमिनीला टेकणाऱ्या थोड्याशा जागेवर येते. एवढ्या ओझ्याखाली आस मोडणार नाहीतर चाक रुतणार. घसरगाडीत ते वजन मोठ्या पृष्ठावर पसरते.

पण घर्षणाचे काय? २०१३ साली काही संशोधकांनी हा सारा हिशेब आजच्या भौतिकशास्त्राने तपासून पाहिला. तोच १२३ टनांचा दगड कोरड्या जमिनीवरून ओढायला दीड हजारांहून अधिक माणसे लागली असती. बर्फावर पाण्याचा पातळ थर असेल तर मात्र पन्नासपेक्षाही कमी माणसे पुरतात! लाकूड आणि बर्फ यांच्यामध्ये पाणी आले की ते वंगणाचे काम करते. बीजिंगचे जानेवारीतले त्या काळचे सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंश होते. बर्फ टिकावा इतकी थंडी, पण ओतलेले पाणी गाडी पुढे सरकेपर्यंत गोठू नये इतकी ऊब! त्या मजुरांना घर्षणाचा गुणांक ठाऊक नव्हता. अनुभवाने मात्र त्यांनी तो नेमका ओळखला होता.

७० किलोमीटरांना २८ दिवस, म्हणजे दिवसाला अडीच किलोमीटर. तुम्ही शाळेत चालत जात असाल तर कदाचित तेवढेच अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापत असाल. त्या माणसांना त्यासाठी थंडीतला अख्खा दिवस लागे. लाखो मजूर, सुतार, पाथरवट या कामावर राबले. सम्राटांची नावे इतिहासात राहिली. दोरी ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणाचेच नाव आपल्याला ठाऊक नाही.

भिंती भार घेत नाहीत

आता परम सुसंवादाच्या दालनाकडे नीट पाहू. जोत्यासह त्याची उंची सुमारे ३५ मीटर आहे. चार खांबांमधल्या जागेला आपल्या जुन्या घरबांधणीत ‘खण’ म्हणतात. चिनी घरेही खणांनीच मोजतात. आरंभी सांगितलेल्या ८,७०० खोल्या म्हणजे खरे तर हे खणच होत. हे दालन रुंदीला ११ खण आणि खोलीला ५ खण आहे. मग त्याला खांब किती? ११ खणांना १२ खांबांची रांग लागते आणि ५ खणांना अशा ६ रांगा. १२ × ६ = ७२. मोजून पाहिले तरी खांब ७२ च आहेत.

छपराचे सारे वजन हे खांब घेतात. भिंती फक्त आडोशाच्या. भिंत पडली तरी छप्पर जागेवर राहावे, अशी ही रचना आहे. खांब जमिनीत पुरलेले नाहीत. आपल्या वाड्यांमधल्या खांबांसारखे ते दगडी तळखड्यांवर नुसते टेकवलेले आहेत. याचे दोन फायदे. जमिनीतली ओल लाकडात चढत नाही आणि भूकंपाच्या वेळी जमीन हलली तर खांब तळखड्यावर किंचित सरकू शकतो, मोडत नाही.

खांबांच्या माथ्यावर, छपराच्या वळचणीखाली लाकडी ठोकळ्यांची व हातांसारख्या आडव्या तुकड्यांची एकावर एक उतरंड दिसते. हिला ‘दौगोंग’ म्हणतात. बाहेर आलेल्या वळचणीचा भार ती खांबावर आणून सोडते. तिचे तुकडे खिळ्यांनी जोडलेले नाहीत. एका तुकड्याला खाच पाडायची आणि दुसऱ्याचे टोक त्या खाचेत घट्ट बसेल असे तासायचे, अशी ही जोडणी असते. भूकंपाचा हादरा बसला की हे असंख्य सांधे एकमेकांवर थोडे थोडे घासतात आणि हादऱ्याची ऊर्जा त्या घर्षणात खर्ची पडते. मघाशी शिळा ओढताना घर्षण आपले शत्रू होते. येथे तेच मित्र झाले! १६७९ साली बीजिंगजवळ फार मोठा भूकंप झाला, १९७६ साली थांगशानच्या भयंकर भूकंपाने बीजिंगही हादरले. राजवाडा उभाच राहिला.

वीज, आग आणि शहाणपण

भूकंपापेक्षा मोठा शत्रू होता अग्नी. १४२१ च्या फेब्रुवारीत नव्या राजवाड्यात पहिला मोठा समारंभ झाला आणि तीन महिने होताहेत तोच, ९ मे रोजी, वीज पडून तिन्ही मोठी दालने जळून खाक झाली. सपाट प्रदेशात एकटीच उंच उभी असलेली वस्तू विजेला जवळची वाटते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी मात्र हा आकाशाचा कोप मानला गेला. सम्राटाने आपली काय चूक झाली ते मोकळेपणी सांगा, असे अधिकाऱ्यांना फर्मावले. राजधानी येथे हलवली हीच चूक, असे काहींनी सांगितले. तेव्हा सम्राट संतापला आणि त्यांपैकी एका अधिकाऱ्याला देहान्त शासन झाले! विजेचे कारण न कळल्याने एका माणसाचा जीव गेला. वीज म्हणजे विद्युत्‌प्रवाह हे प्रयोगाने सिद्ध व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. विसाव्या शतकात राजवाड्यावर वीजवाहक बसवले गेले.

दालने १४४१ मध्ये पुन्हा उभी राहिली, १५५७ मध्ये पुन्हा जळाली, पुन्हा बांधली, १५९७ मध्ये पुन्हा जळाली. आज दिसणारे परम सुसंवादाचे दालन १६९५ साली सुरू झालेल्या पुनर्बांधणीतले आहे. त्या वेळी ल्यांग च्यू नावाच्या वृद्ध सुताराने आधी एक दशांश प्रमाणाचा लाकडी नमुना करून दाखवला आणि मगच काम सुरू झाले. जुन्या रचनेत दालनाच्या दोन्ही अंगांना लाकडी सज्जे जोडलेले होते. एका इमारतीची आग त्यांवरून दुसरीकडे धावे. नव्या बांधणीत ते सज्जे काढून तेथे पक्क्या भिंती घातल्या. चुकीतून शिकणे म्हणतात ते हे.

आग विझवायला पाणी हाताशी हवे. त्यासाठी चौकांतून तीनशेच्या वर प्रचंड पिंपे ठेवलेली होती, काही काशाची तर काही लोखंडाची. पण हिवाळ्यात पाणी गोठले तर? म्हणून थंडीत पिंपांना जाड दुलया गुंडाळत, वर झाकण घालत आणि फारच कडाका पडला की खाली कोळशाचा विस्तव ठेवत. आग विझवण्याच्या पाण्यासाठी आगच पेटवायची!

ग्रंथालयाची गोष्ट आणखी गमतीची आहे. सगळीकडे पिवळी झिलईदार कौले, कारण पिवळा हा सम्राटाचा रंग. ग्रंथालयाची कौले मात्र काळी. चिनी तत्त्वज्ञानात काळा रंग जलतत्त्वाचा, म्हणून पुस्तकांना आगीपासून अभय मिळावे ही त्यामागची भावना. काळ्या कौलाने आग विझत नाही हे तुम्ही-आम्ही जाणतो. पिंपे भरून ठेवणे हे विज्ञान, काळी कौले घालणे ही श्रद्धा. जुन्या माणसांच्या कामात ही दोन्ही शेजारी शेजारी सापडतात आणि ती वेगवेगळी ओळखणे हे आपले काम आहे.

पाऊस, थंडी आणि सावली

पावसाची व्यवस्थाही पाहण्याजोगी आहे. छपराची वळचण खांबांच्या बरीच बाहेर आलेली असल्याने पागोळ्या लाकडापासून दूर पडतात. तीन थरांच्या जोत्याला कडेने हजाराहून अधिक दगडी ड्रॅगनमुखे आहेत. जोरदार पाऊस आला की या हजार तोंडांतून एकदम धारा सुटतात. चौकांना मध्यापासून कडेकडे आणि साऱ्या आवाराला उत्तरेकडून दक्षिणेकडे डोळ्यांना कळणारही नाही असा उतार आहे. पाणी जमिनीखालच्या विटांच्या गटारांतून मघाच्या त्या धनुष्याकृती ओढ्यात आणि तेथून खंदकात जाते. म्हणजे तो ओढा केवळ शोभेचा नाही.

मुख्य इमारती दक्षिणेकडे तोंड करून आहेत. का? बीजिंगचा अक्षांश सुमारे ४० अंश उत्तर. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ९० – ४० – २३.५, म्हणजे फक्त २६.५ अंश वर येतो. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी ७३.५ अंश. समजा, वळचण जमिनीपासून ४ मीटर उंच आहे. तर हिवाळ्यातले दुपारचे ऊन वळचणीच्या कडेपासून आत ८ मीटरपर्यंत पोचेल, उन्हाळ्यातले जेमतेम सव्वा मीटर. एकाच छपराने हिवाळ्यात ऊन आत येते आणि उन्हाळ्यात सावली मिळते! याशिवाय राहत्या महालांच्या फरशीखाली पोकळ नळ आहेत. बाहेरच्या बाजूला खड्ड्यात कोळसा पेटवला की गरम हवा त्या नळांतून फिरून फरशी तापवी. जळण बाहेर, ऊब आत.

आणि शेवटी सिंहासनाच्या दालनापुढचे छायायंत्र. एक गोल दगडी तबकडी तिरपी बसवलेली असून तिच्या मध्यातून धातूचा काटा आरपार गेला आहे. काटा पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे क्षितिजाशी सुमारे ४० अंशांचा कोन करून आहे. तबकडी विषुववृत्ताच्या पातळीशी समांतर आहे. म्हणून वसंत संपातापासून शरद संपातापर्यंत काट्याची सावली तबकडीच्या वरच्या अंगावर पडते आणि उरलेले सहा महिने खालच्या अंगावर. हे यंत्र तुम्हीही पुठ्ठा व विणायची सुई घेऊन करू शकाल. फक्त काट्याचा कोन तुमच्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवा. पुण्यात तो साडेअठरा अंशांचा होईल.

आज

१९१२ साली शेवटचा सम्राट पू यी याने गादी सोडली. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. १९२४ मध्ये त्याला राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले आणि १० ऑक्टोबर १९२५ रोजी तेथे संग्रहालय उघडले. ज्या दरवाजातून परवानगीवाचून कोणी आत जाऊ शकत नव्हते, त्यातून २०१९ या एकाच वर्षी एक कोटी नव्वद लाखांहून अधिक लोक तिकीट काढून आत गेले.

आता एक प्रयोग. शाळेतील ताणकाटा आणि लाकडाचा एक ठोकळा घ्या. ठोकळ्यावर वजन ठेवून तो आधी खडबडीत फरशीवर, मग बर्फाच्या कोरड्या लादीवर आणि शेवटी त्याच लादीवर थोडे पाणी ओतून सावकाश ओढा. तिन्ही वेळा काटा कुठे जातो ते लिहून ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांतला फरक पाहाल, तेव्हा हिवाळ्यातल्या त्या रस्त्यावर दोरी खांद्यावर घेऊन चाललेल्या निनावी माणसांना काय कळले होते, ते तुम्हालाही हाताने कळेल.